चाळीस किलोमागे एक किलो

दुकान, ५ फेब्रुवारी

थोरले साडूभाऊ,

पाकिटावर माझ्या दुकानाचा शिक्का बघून दचकू नका, सगळे धडधाकट आहेत. फोनच करणार होतो. पण आपल्या दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्या रोज संध्याकाळी तासभर बोलतात. मी तुमच्याशी फोनवर शिंकलो तरी थोरलीला कळेल आणि ती धाकटीला औषध सांगेल. म्हणून हे पत्र तुमच्या बाइंडिंगच्या कारखान्यात पाठवतोय. उत्तरही दुकानाच्याच पत्त्यावर टाका.

विषय बिअरचा आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या पोटावर ते थंडगार जेल लावून यंत्र फिरवलं आणि यकृतावर चरबी आहे म्हणाले. साखर उंबरठ्यावर, वजन शहाऐंशी. मी विषय काढला नसता, पण धाकटीने विचारलंच, 'आणि बिअर?' डॉक्टर बरा माणूस निघाला. आठवड्यातून एखादी बाटली चालेल, पण जेवण सुधारलं आणि वजन उतरलं तर, म्हणाला.

धाकटी एकवीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तक्रारींच्या खिडकीवर बसते. तिथली सवय घरी आलीच. तिने कोऱ्या कागदावर अटी लिहिल्या आणि खाली माझी सही घेतली. दर महिन्याच्या एक आणि सोळा तारखेला सकाळी चहाच्या आधी दोघांनी काट्यावर उभं राहायचं. माझं वजन मागच्या वेळेपेक्षा अर्धा किलो कमी भरलं, तर पुढच्या दोन्ही शनिवारी एकेक बाटली. नाही भरलं, तर दोन्ही शनिवार कोरडे. आकडे स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, माझा निळ्या पेनाने, तिचा लाल.

'तुझं कशाला?' मी म्हटलं. 'तू तर काडी आहेस.'

'तुमच्याबरोबर तेच खाणार मी,' ती म्हणाली. 'एका घरात दोन स्वयंपाक करायला माझ्यात जोर नाही राहिला.'

तेव्हापासून आम्ही कोबी खातो. कोबी नसतो तेव्हा दुधी असतो. एकतीस वर्षं मी अख्ख्या बाजाराचे वजनकाटे दुरुस्त करतोय, आणि आता महिन्यातून दोनदा स्वतःच्याच घरात काट्यावर संशयितासारखा उभा राहतो. एक तारखेचे आकडे: मी शहाऐंशी, धाकटी चौपन्न.

तुमचं कसं चाललंय? तुम्हीही बंद केलीत असं कानावर आलं, खरं का?

तुमचा,
काटेवाला

*

कारखाना, १४ फेब्रुवारी

धाकटे साडूबुवा,

पत्र मिळालं. इथे सगळ्यांसमोर फोडलं, कारण मला पत्र येणं हीच इथे बातमी आहे. खळीने हात बरबटलेले होते, त्यामुळे पहिल्या पानाला माझा अंगठा कायमचा चिकटला.

ऐकलंत ते खरं. बिअर बंद करून मला पुढच्या महिन्यात दोन वर्षं होतील. पहिला महिना जड गेला, मग काही वाटेनासं झालं. आता कुणाच्या हातात ग्लास दिसला तरी मी पाणी पिऊन मोकळा होतो. थोरलीने मला कागदबिगद दिला नव्हता. तिने फक्त एकदा माझ्याकडे बघितलं. तुम्हाला तिचं बघणं ठाऊक आहे.

तुमच्या अटी मला पटल्या. सही केलीच आहे, तर आता निभवा. हळू खा. ताट लहान घ्या. कोबीला नावं ठेवू नका, तो बिचारा तुमच्यासाठीच शिजतोय. आणि धाकटीच्या मागे उगाच भुणभुण लावू नका. दिवसभर खिडकीपलीकडून लोक तिच्यावर ओरडत असतात, तिला घरी आणखी एक तक्रारदार नको.

अर्ध्या किलोने काय होतंय? रोज दुकानापर्यंत चालत जा, आपोआप उतरेल. मी या वयात जिने चढतो, गठ्ठे उचलतो. दमतो, पण चालायचंच. हल्ली सगळेच दमलेले दिसतात.

तुमचा,
थोरला साडू

*

दुकान, ३ मार्च

थोरले साडूभाऊ,

तुम्ही बंद करून दोन वर्षं झालेला माणूस, त्यामुळे तुम्हाला हे सांगायला लाज वाटते. पण दुसऱ्या कुणाला सांगू?

सोळा फेब्रुवारीला मी काट्यावर उभा राहिलो. शहाऐंशीला तसूभर कमी नाही, उलट काटा किंचित पुढेच. पंधरा दिवस उकडलेलं खाल्लं, चालत दुकानात गेलो, आणि हाती भोपळा. धाकटीने निळ्या पेनाने आकडा लिहिला. दोन शनिवार कोरडे गेले. तुम्हाला वाटेल एका बाटलीचं काय एवढं. मलाही तसंच वाटलं असतं. पण आठवडाभर दुकानात लोकांचे गंजलेले काटे उपडे करायचे, तेलकट हातांनी बारीक स्क्रू शोधायचे, आणि शनिवारी संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन खिडकीशी बसायचं, एवढीच माझी सुट्टी आहे. मी पिऊन कधी झिंगलेलो नाही. एक बाटली मला तासभर पुरते. तो तास गेला, तर सगळे वार एकाच रंगाचे होतात.

तर फेब्रुवारीच्या अखेरीस, धाकटी कचेरीत असताना, मी घरचा काटा उपडा केला.

शून्य सरकवणं हे शिकाऊ माणसाचं काम. काटा रिकामा असतानाच दोन किलो कमी दाखवायला लागतो आणि लगेच पकडला जातो. मी आतल्या ताण देणाऱ्या पट्टीचा स्क्रू पाव फेरा आवळला. आता रिकामा काटा शून्यावरच उभा असतो, पण वर माणूस आला की दर चाळीस किलोमागे एक किलो गिळतो. मी उभा राहिलो तर दोन किलो आणि वर थोडं. धाकटी उभी राहिली तर सव्वा किलो. बाजारात कुणी दुकानदाराने हे केलं असतं, तर मी स्वतः त्याच्याशी बोलणं सोडलं असतं.

एक तारखेला मी ८३.८ भरलो. धाकटी म्हणाली, 'अरे वा.' तिचं ५२. शनिवारी बाटली मिळाली. थंड होती, फेस चांगला आला होता. पण घशाखाली उतरताना मजा आली नाही.

आता ठरवलंय की यापुढे सगळं खरं करायचं. जेवणात लबाडी नाही, काट्याला हात नाही. खोटे दोन किलो खरेच उतरवून टाकले, की पट्टी गुपचूप सैल करीन आणि कुणालाही काही कळणार नाही.

तुमचा,
काटेवाला

*

कारखाना, १२ मार्च

साडूबुवा,

पट्टी आजच सैल करा आणि धाकटीला सांगून टाका. ती रागावेल, दोन दिवस बोलणार नाही, मग बोलेल.

तुमच्या घरातलं आमच्या घरात पोचतं, एवढं लक्षात ठेवा. याहून जास्त मी लिहीत नाही. मला माझ्याही घरात राहायचंय.

इथे शाळांच्या वह्यांचं काम आलंय. आठशे वह्या शिवायच्या आहेत. पाठ धरली आहे.

थोरला साडू

*

दुकान, १७ एप्रिल

थोरले साडूभाऊ,

तुमचं ऐकलं नाही. रागावू नका. रोज सांगायचं ठरवतो, आणि रोज ती कचेरीतून येऊन चपलांसकट खुर्चीत बसते. तिचं तोंड बघून मला वाटतं, आज नको.

पण चांगली बातमी अशी की मी खरोखर उतरतोय. देवाशपथ. ८३, ८२, काल ८१.२. यातले खोटे दोन मी स्वतः वजा करतो, तरी जवळजवळ तीन किलो खरे. कोबी आता मला आवडायला लागलाय, हे मी लिहिलंय असं कुणाला दाखवू नका. रात्री फक्त सूप, सकाळी दोन अंडी, दुपारी डब्यात काकडी, मोड आलेले मूग आणि दही. पट्टा एक भोक आत गेला.

आणि बिअर. साडूभाऊ, पोट हलकं असलं की तिची चव वेगळीच लागते, हे मला पन्नास वर्षं माहीत नव्हतं. पूर्वी मी तळलेलं खात खात ढोसायचो. आता ग्लास आधी पाण्याने गार करतो, बाटली तिरपी धरून हळू ओततो, फेस बसेपर्यंत थांबतो. पहिला घोट कडू लागतो, मग मागून धान्याची गोडी येते. बरोबर गाजराचे तुकडे. तास कसा जातो कळत नाही. दुसरी बाटली हवीशी वाटतच नाही. माणसाला पुरे कशाला म्हणतात ते या वयात कळलं, तेही पट्टी आवळून.

धाकटीचं मात्र काही खरं नाही. पूर्वी ती शनिवारी माझ्याबरोबर बसायची, ग्लासातला एक घोट घ्यायची, तोंड वाकडं करायची आणि पुन्हा एक घ्यायची. हल्ली आत जाऊन पडते. उकडतंय म्हणून पंखा मोठा करते, मला थंडी वाजत असली तरी. परवा मला सूप वाढताना तिचा हात थरथरत होता. मला वाटलं, माझ्यावर चिडली आहे आणि बोलत नाही. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कॅलेंडरवर तिचेही आकडे उतरत चाललेत. ५१, ५०, काल ४९. ते बघून मला जास्तच अपराधी वाटतं, कारण माझ्या पट्टीमुळे बिचारीला स्वतःचं वजनही खोटंच दिसतंय.

या महिन्याअखेर नक्की सांगतो.

तुमचा,
काटेवाला

*

कारखाना, २२ एप्रिल

साडूबुवा,

एकाच प्रश्नाचं उत्तर द्या, आणि खरं द्या. ती पट्टी तुम्ही एकूण किती वेळा आवळलीत? पंधरा दिवसांनी पुन्हा थोडी, मग पुन्हा थोडी, असं केलंत का?

उलट टपाली कळवा. पत्र लांबवू नका.

थोरला साडू

*

दुकान, २६ एप्रिल

साडूभाऊ,

एकदाच. फेब्रुवारीत, पाव फेरा. त्यानंतर काट्याला हात लावलेला नाही. मी चूक केली हे कबूल आहे, पण दर पंधरा दिवसांनी बायकोला फसवत बसण्याइतका खालच्या थराचा मी नाही. तुम्ही असा प्रश्न विचारावा याचं वाईट वाटलं. काय झालंय?

काटेवाला

*

दुकान, २० मे

थोरले साडूभाऊ,

तुमचा दुकानात फोन आला, त्याला आज तीन आठवडे झाले. तेव्हा मी तुमच्याशी नीट बोललो नाही. पुढ्यात एका दुकानदाराचा काटा उघडा पडला होता आणि तो माणूस समोर उभा होता. तुम्ही म्हणालात, 'चौपन्नवरून एकोणपन्नास म्हणजे पाच किलो. त्यातले सव्वा तुमच्या पट्टीने खाल्ले. उरलेले पावणेचार कुणी खाल्ले?' मी फोन ठेवला. एकतीस वर्षं मी लोकांना सांगत आलोय की काट्यातली खोट एकदाच वजा होते, दर वेळी नाही. माझ्याच घरच्या कॅलेंडरवर लाल शाईत ते लिहिलेलं होतं, आणि मला दिसलं नाही. मला फक्त माझा गुन्हा दिसत होता.

दुकान तसंच उघडं टाकून मी तिच्या कचेरीत गेलो. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्या खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. पुढे सहा माणसं होती. ती मान खाली घालून लिहीत होती, आणि लिहिताना डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवत होती. माझा नंबर आला तेव्हा तिने वर न बघताच विचारलं, 'काय तक्रार आहे?'

मी म्हटलं, 'चल, डॉक्टरकडे जाऊ.'

डॉक्टरांनी नाडी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. गळ्यातली ती ग्रंथी, थायरॉईड, गरजेपेक्षा जोरात चालली आहे म्हणाले. म्हणून वजन उतरतं, हात थरथरतात, उकडतं, थकवा येतो. गोळ्यांनी बरं होतं. पण ग्रंथी महिनोन्‌महिने तशीच चालत राहिली, त्यामुळे हृदयाची लय बिघडली आहे. मध्येच पळतं, मध्येच अडखळतं. अकरा दिवस धाकटी दवाखान्यात होती. पहिले तीन दिवस मला आत सोडत नव्हते. बाहेरच्या बाकावर बसून मी भिंतीवरच्या टाइल्स मोजल्या. डॉक्टर म्हणाले, 'वजन असं झपाट्याने कमी होतंय, हे तुमच्या लक्षात कसं आलं नाही?' मी सांगितलं नाही की मी कोण आहे आणि काय काम करतो.

चौथ्या दिवशी मी तिला पट्टीचं सांगितलं. खूप घोळून सांगितलं, शून्य, ताण, चाळिसामागे एक, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती.

'मला माहीत आहे,' ती म्हणाली. 'एक मार्चला तुम्ही काट्यावर गुणगुणत चढलात. वजन करताना गुणगुणणारा माणूस मी आजवर बघितलेला नाही.'

'मग बोलली का नाहीस?'

'तुम्ही बोलाल म्हणून थांबले. पुढच्या खेपेला आकडा आणखी उतरला, त्याच्या पुढच्या खेपेला आणखी. मला वाटलं, दर वेळी आवळताय. म्हणून माझंही उतरताना दिसतंय. ताईला फोनवर तेच सांगितलं. कुणाला बोलू नकोस म्हणाले.' मग म्हणाली, 'मध्ये एकदा वाटलं होतं, डॉक्टरला दाखवावं. छातीत धडधडायचं. पण म्हटलं, वजन काही खरं उतरत नाहीये, काटाच खोटा आहे. मग धडधड म्हणजे नुसता शीण.'

साडूभाऊ, ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी खरंच उतरत होतो, आणि त्याच खऱ्या उतरण्याने तिला खात्री पटली की मी खोटा आहे. मी एकदाच खोटं वागलो, पण तिने ते दर पंधरवड्याला धरलं, आणि तिचं काय चुकलं?

आता ती घरी आहे. दिवसातून पाच वेळा थोडं थोडं खायचं आहे, दूध, अंडी, केळी. मी करतो. दोन स्वयंपाक करतो, तिचा वेगळा आणि माझा वेगळा. एवढं काही जड नाही ते. हे मला फेब्रुवारीत सुचलं असतं तर.

बाटली उघडलेली नाही. आता उघडणारही नाही.

तुमचा,
काटेवाला

*

कारखाना, २८ मे

साडूबुवा,

तुमचं पत्र मी इथे वाचलं, आणि दुपारभर एकाही वहीला हात लावला नाही. सुपरवायझरने दोनदा विचारलं, बरं आहे ना. मी म्हटलं, पाठ.

तुम्ही सगळा दोष स्वतःकडे घेतलात. त्यातला माझा वाटा मला द्या. मार्चमध्येच थोरलीने मला सांगितलं होतं की धाकटीला सगळं कळलंय, आणि तुम्ही दर पंधरा दिवसांनी स्क्रू फिरवताय अशी तिची समजूत आहे. माझ्याकडून वचन घेतलं होतं, तुम्हाला सांगायचं नाही, तुम्ही आपणहून बोलायला हवं. मी वचन पाळलं. बायकोशी भांडण नको म्हणून पाळलं, दुसरं काही नाही. एका हातात थोरलीचं सांगणं होतं, दुसऱ्या हातात तुमचं पत्र, आणि दोन्ही एकमेकांशेजारी ठेवायला मला दीड महिना लागला. तेही तुम्ही आकडे लिहिलेत म्हणून. मी पुस्तकांची पानं क्रमाने लावणारा माणूस आहे.

थोरली तुमच्याकडे यायची म्हणते. येईल त्या आधी कळवीन. ती स्वतःवर चिडली आहे आणि माझ्यावर ओरडते आहे, म्हणजे तब्येत बरी आहे.

आता आणखी एक, आणि ते वाचून हे पत्र फाडून टाका. मी बिअर सोडलेली नाही. कधीच सोडली नव्हती. खळीच्या कपाटात मागच्या बाजूला एक बाटली असते. शनिवारी सगळे गेले की मी अर्धी पितो, अर्धी बुचाला कागद लावून ठेवतो, आणि ती पुढच्या शनिवारी, गॅस गेलेली, कोमट, तशीच पितो. तुम्ही लिहिलंत ना, ग्लास गार करायचा, फेस बसेपर्यंत थांबायचं, ते वाचून मला तुमचा हेवा वाटला. मी लपून पितो म्हणून घाईने पितो. अर्धीच पितो, पण चव घेत नाही. तुमच्यासमोर शहाणपणा सांगत होतो तेव्हा ती बाटली माझ्या पाठीमागे दोन हातांवर होती.

तुम्ही सोडू नका, असं सांगायचा मला अधिकार नाही. सोडा असं सांगायचाही नाही. धाकटीला विचारा.

तुमचा,
थोरला साडू

*

दुकान, २ जुलै

थोरले साडूभाऊ,

तुमचं पत्र फाडलं. ताई येऊन गेल्या, चार दिवस राहिल्या, माझ्याशी दोन दिवस बोलल्या नाहीत आणि जाताना मला दूध उतू न घालता कसं तापवायचं ते दाखवून गेल्या.

धाकटीला विचारलं. मी म्हटलं, मी कायमची सोडतोय. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून केळं सोलत होती. म्हणाली, 'कुणासाठी?'

'तुझ्यासाठी.'

'नको,' ती म्हणाली. 'मग मला रोज तुमचा त्याग सांभाळावा लागेल. शनिवारी तुम्ही तोंड पाडून बसाल आणि मी बघत बसेन. तेवढा जोर माझ्यात नाही. तुमच्या डॉक्टरने एक सांगितली आहे, एक घ्या. तुमचं तुम्ही मोजा. मी आता काही मोजणार नाही.'

तो अटींचा कागद तिने कधी फेकला मला माहीत नाही. कॅलेंडरवर निळा आकडा नाही, लाल नाही. शनिवारी मी एक बाटली आणतो, ग्लास गार करतो, ओततो. कुणी अडवत नाही. कधी अर्धी पुरते, कधी पूर्ण. आपलं आपण थांबणं हे कुणी थांबवण्यापेक्षा जड आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चव मात्र आहे. खोटं कशाला बोलू, चव आहे, आणि ती आहे याचंच मला कधी कधी वाईट वाटतं.

तिचं वजन वाढायला हवं. डॉक्टर म्हणाले, आठवड्याला एकदा बघा. मी घरचा काटा दुरुस्त केला. दुकानातली सरकारी शिक्क्याची वजनं, वीस किलोची दोन आणि दहाचं एक, रिक्षातून घरी आणली आणि तिच्यासमोर एकेक करून काट्यावर ठेवली. वीस, चाळीस, पन्नास. सुई केसभरही इकडेतिकडे झाली नाही. 'बघ,' मी म्हटलं. तिने बघितलं, 'हो, बरोबर आहे,' म्हणाली आणि आत गेली.

पुढच्या रविवारी सकाळी ती चपला घालताना दिसली. कुठे निघालीस, विचारलं. म्हणाली, 'कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात. तिथे वजनाचं यंत्र आहे.'

त्या यंत्राचं बूड एका बाजूला बसलेलं आहे, तीनशे-चारशे ग्रॅमचा फरक येतो, मी स्वतः त्या दुकानदाराला दोनदा सांगितलंय. अख्ख्या बाजारात माणसं माझ्या हाताखालून गेलेल्या काट्यावर डोळे मिटून सोनं तोलतात, आणि माझी बायको दोन गल्ल्या चालत जाऊन दुसऱ्याच्या वाकड्या यंत्रावर उभी राहते. आणि मला तिला नाही म्हणता येत नाही.

आता दर रविवारी जातो. तिला अजून धाप लागते, म्हणून मी बरोबर असतो. मध्ये एका पायरीवर ती बसते, मग पुन्हा उठते. दुकानाच्या दारात ती चपला काढून माझ्याकडे पर्स देते. मी आत जात नाही. तिने तसं सांगितलेलं नाही, पण जात नाही. काचेतून तिची पाठ दिसते, आकडा दिसत नाही.

परवा ती बाहेर आली, चपला घातल्या, पर्स घेतली.

'किती?' मी विचारलं.

'वाढलंय थोडं,' ती म्हणाली.

किती ते तिने सांगितलं नाही. मी बरं म्हटलं, आणि आम्ही घराकडे निघालो.

तुमचा,
काटेवाला